दारामागचा अडसर

एका तालुक्याच्या गावात एक निवृत्त प्राध्यापक राहत असत. नाव दिगंबरपंत आठल्ये. ग्रंथ इतके वाचलेले, की साधे पोस्टकार्ड लिहायचे तरी तीन खर्डे करीत आणि चौथा फाडून टाकीत. सगळे गाव त्यांना सर म्हणे.

गावाने एक संग्रहालय उभारायचे ठरवले. त्याची दोन दालने. पहिल्यात परक्यांच्या राज्याशी दिलेला लढा. दुसऱ्यात त्यानंतरचा काळ. आपल्याच राज्यकर्त्यांनी लोकांची तोंडे बंद केली आणि काही जणांनी ती बंद होऊ दिली नाहीत, तो. लोक घरातल्या वस्तू आणून देऊ लागले. कुणी तुरुंगातली थाळी आणली, कुणी चोरून पत्रके छापायचे यंत्र.

समितीचे अध्यक्ष बापूसाहेब सुरवसे एक दिवस सरांकडे आले आणि दाराकडेच पाहत राहिले. सागवानी दार, पितळी फुलांचे.

"सर, त्या तोंडबंदीच्या काळात मधू शेजवळ पोलिसांना चुकवून अकरा दिवस याच गल्लीत लपला होता ना? कुणाकडे, ते बिचाऱ्याने मरेपर्यंत सांगितले नाही. पण विद्यार्थी तो तुमचा. आणि असे भक्कम दार गल्लीत दुसरे आहे कुणाचे?"

"नाही हो, तसे काही..." सर म्हणाले.

"बघा! याला म्हणतात विनय!" बापूसाहेब सोबतच्या मंडळींकडे वळले. "दार द्या, सर. तुम्हाला नवे बसवून देतो."

सरांना वाक्य पुरे करायचे होते. ते शब्द जुळवत राहिले. तेवढ्यात सुतार आलासुद्धा.

दार चौकटीसकट गेले. दारामागचा लाकडी अडसर तेवढा सरांनी माळ्यावर टाकला. तो का ठेवून घेतला, हे त्यांनी स्वतःलाही विचारले नाही.

घडले होते ते असे. त्या दिवशी दिवेलागणीला दारावर तीन थापा पडल्या. "सर, मी मधू. आजच्यापुरते आत घ्या." सर दाराच्या आतच उभे होते. मधूला नागरिकशास्त्र त्यांनीच शिकवले होते. त्यांना नोकरी आठवली. मुलीचे ठरत आलेले लग्न आठवले. त्यांनी अडसर उचलला आणि कड्यांत सरकवला.

मग खिडकीच्या फटीतून पाहिले. समोर हौसाबाई राहायची, बांबूच्या टोपल्या विणणारी. एकटी विधवा. तिच्या झोपडीला दार नव्हते, बांबूची ताटी होती. ताटीवर थाप मारता येत नाही. मधू ताटीपुढे नुसता उभा राहिला. ताटी बाजूला झाली, आणि पुन्हा जागेवर आली. एकट्या बाईचे नाव बदनाम झाले असते, म्हणून मधूने तिचे नाव कधी घेतले नाही. सरांनीही घेतले नाही. 'निदान चुगली तरी केली नाही,' असे ते वर्षानुवर्षे स्वतःला समजावत आले.

उद्घाटनाच्या दिवशी सर लवकर पोहोचले. दुसऱ्या दालनाच्या मधोमध दार उभे होते. वर संगमरवरी पाटी: 'या दाराने लोकशाहीला आसरा दिला.' पाटी वाचताना सरांचे कान तापले.

फुलांसाठी मागवलेल्या टोपल्या घेऊन हौसाबाई आत आली. दारापाशी थांबली. दाराच्या मागे जाऊन आली.

"तुमचंच न्हवं का हे, सर?"

"हो."

"मग आडसर कुटं हाय ह्याचा? त्या सांजंला बसवताना लई करकरला व्हता. माझ्या खोपीपातुर आवाज आला."

सरांनी हातातले भाषणाचे कागद घडी करून खिशात घातले. इतक्या वर्षांत ज्या बाईला त्यांनी 'अगं हौसे' अशीच हाक मारली होती, तिला ते म्हणाले, "हौसाबाई, तुम्ही कधी कुणाला बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? भ्याला व्हता तुमी. मीबी भ्यालेच व्हते. पर माझ्या ताटीला आडसरच न्हाई, तर लावू काय?" ती हसली.

सरांना हसता आले नाही. त्यांनी विचारले, "लोकांना सांगू का?"

"आता काय, पिकलं पान मी. सांगा की. पर आदी आडसर आना."

पाहुणे जमले. बापूसाहेबांनी भाषणासाठी सरांचे नाव पुकारले, तर सर जागेवर नाहीत. थोड्या वेळाने ते धापा टाकत आले. खांद्यावर जळमटे लागलेला अडसर. कुणाशी न बोलता ते दाराच्या मागे गेले आणि त्यांनी तो कड्यांत सरकवला. तो तसाच करकरला.

"त्या दिवशी हे दार असे होते," सर म्हणाले. "आत मी होतो. उघडली ती समोरची ताटी. हौसाबाईंची."

बापूसाहेब जवळ येऊन कुजबुजले, "अहो सर, पाटी कोरून झालीय!"

"मग पुसा," सर म्हणाले. तीन खर्डे न करता त्यांनी उच्चारलेले हे पहिलेच वाक्य असावे.

हौसाबाईची जुनी ताटी केव्हाच चुलीत गेली होती. तिने तशीच दुसरी विणून दिली. "पर नवी हाय आसं लिवा," तिने बजावले. "न्हाईतर पुन्यांदा तेच!"

आता दोन्ही शेजारी उभी आहेत. ताटी उघडी. दाराला अडसर, आणि वर साधी पाटी: 'हे दार उघडले नाही.' सर रोज तिथे बसतात. सांगून टाकले की मन हलके होईल, असे त्यांना वाटले होते. तसे झाले नाही. शाळेची मुले पाटी वाचतात आणि विचारतात, "आजोबा, का नाही उघडले?"

"मी विचार करत होतो," सर खाली मान घालून सांगतात.

तात्पर्य: भिऊन दार न उघडणाऱ्याला एकदा क्षमा मिळू शकते, पण दुसऱ्याने दिलेल्या आसऱ्याचा मान गप्प बसून स्वतःकडे घेणारा ते दार रोज नव्याने बंद करत असतो.