भाकरीवर गेलेली सात मिनिटं

श्रीरंगने त्या दुपारी नेमकं काय विचारलं, हे आज त्याला खात्रीने सांगता येत नाही. ‘इतकं वाईट संगीत लोक सहन कसं करतात?’ असं विचारलं असावं. किंवा ‘तुम्ही सहन कसं करता?’ असं. दुसरं असेल, तर ते उद्धटपणाचं होतं. आणि बहुधा दुसरंच असावं.

तात्या सातोसे तांदळाची उकड मळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठलं वाईट?”

“टेक्नो म्हणून आज जे जे वाजतं ते सगळं.”

“सगळं ऐकलंस?”

“...बरंचसं.”

“मग दमला असशील. बस.”

तात्यांचं घर दोडामार्गच्या अलीकडे. गोव्याची हद्द तिथून जवळच. तरुणपणी हद्दीपलीकडच्या माळांवर टेक्नो, म्हणजे यंत्रांवरचं नाचाचं संगीत, वाजवून त्यांनी लोकांना सकाळ होईपर्यंत नाचवलं होतं. पुढे वाजवणं सोडलं आणि इतरांच्या रचनांवर शेवटचा हात फिरवू लागले. कुठे आवाज चढा आहे, कुठे दबला आहे, ते जुळवून द्यायचं. धंद्यात त्याला मास्टरिंग म्हणतात. पण आलेली प्रत्येक रचना ते आधी स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या जुन्या स्पीकरवर, भाकऱ्या थापता थापता ऐकत. शिष्यांमध्ये यावरून थट्टा चाले. कोणाची रचना तात्यांकडे पोचली, की ती ‘भाकरीवर गेली’ म्हणत.

श्रीरंग त्यांचा सगळ्यांत शिकलेला शिष्य. ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट, पुण्यात प्राध्यापकी, वय पन्नाशीचं. तात्या त्याला ‘डॉक्टर’ म्हणत. लाडाने म्हणत की टोचायला, हेही त्याला कधी नक्की कळलं नाही.

त्या दिवशी तो दोन रचना घेऊन आला होता. एक त्याची स्वतःची, सात मिनिटांची. तिच्यातल्या झांजांवर तो चार वर्षं खपला होता. यंत्रातूनच काढलेल्या झांजा, पण प्रत्येकीचा नाद वेगळा, प्रत्येकीचं विझणं वेगळं. फोनवर तो तात्यांशी दुसरं काही बोलतच नसे. दुसरी रचना म्हापशाच्या ऑस्कर नावाच्या मुलाची. तिच्यावर तात्यांनीच हात फिरवला होता, आणि आता ती जिकडेतिकडे वाजत होती. ती पुरावा म्हणून आणली होती.

श्रीरंगने मनाशी ठरवलं होतं. तात्या ‘झालं’ म्हणाले, तर आपली रचना बाहेर काढायची. नाही म्हणाले, तर सगळी यंत्रं विकून मोकळं व्हायचं. गिऱ्हाईक सोमवारी येणार होतं.

“या ऑस्करचंच बघा ना. ठोका फाटलाय. झांजा बाजारातल्या तयार तुकड्यांमधून जशाच्या तशा उचलल्यात. आवाज इतका ठासून भरलाय की मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. आणि असल्या कामाला तुम्ही हात लावलात!”

“लावला.”

“तुम्ही परत पाठवलं असतंत, तर काही शिकला तरी असता.”

“काय शिकला असता?”

“...दर्जा.”

“हं.” तात्यांनी उकडीचा गोळा तोडला. “आधी तुझं लाव.”

श्रीरंगने दोन्ही रचनांचा आवाज मोजून सारखा करून आणला होता. जे मोठ्याने वाजतं ते चांगलं वाटतं, ही कानाची जुनी खोड आहे. ऑस्करला तेवढाही फायदा मिळू द्यायचा नव्हता.

त्याने स्वतःची रचना लावली. तात्या थापू लागले.

थाप आपल्या चालीने, ठोका आपल्या चालीने. एकाच रस्त्याने दोन अनोळखी माणसं चालावीत तसं.

सात मिनिटं संपली...

“यात चूक नाही,” तात्या म्हणाले.

“म्हणजे झालं?”

“चूक असती तर काढून दिली असती.”

पुढे काही येईल असं श्रीरंगला वाटलं होतं.

“आता त्या पोराचं लाव. पीठ आहे अजून.”

ऑस्करचा ठोका खरोखरच फाटका होता. त्या छोट्या स्पीकरवर तर जास्तच. चार-पाच ठोके गेले आणि तात्यांचा तळवा त्यात जाऊन बसला. थाप कुठली आणि ठोका कुठला ते कळेना. परातीत भाकरी गरगर फिरत मोठी होऊ लागली.

श्रीरंगने लॅपटॉपचं बटण दाबलं. आवाज बंद झाला. तात्यांचा हात वरच राहिला.

“का रे?”

“तुमचे हात...”

“हातांना काय झालं?” तात्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, कोणा दुसऱ्याचे असावेत तसे.

“तात्या, पण तो ठोका फाटलाय!”

“फाटलाय.”

“झांजा उसन्या आहेत.”

“उसन्याच.”

“मग मी माझं काय करू? बाहेर काढू की नको? सोमवारी माणूस येतोय यंत्रं न्यायला.”

तात्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. मग उकडीचा आणखी एक गोळा तोडून परातीत ठेवला आणि परात श्रीरंगपुढे सरकवली.

“थाप.”

“मला नाही येत.”

“एवढी डॉक्टरकी केलीस मेल्या, आणि भाकरी नाही येत? थाप. आणि तुझंच लाव.”

श्रीरंगने बाह्या सारल्या. रचना सुरू केली. पहिलं मिनिट बरं गेलं. भाकरी वाकडीतिकडी का होईना, पसरत होती.

मग पहिली झांज आली. तिचं विझणं स्पीकरवर नीट उमटतंय का, हे ऐकायला त्याची मान कलली. हात थांबला. त्याने तो पुन्हा चालू केला. दुसरी झांज आली, हात पुन्हा थांबला. तिसरीला तर तळवा भाकरीवर तसाच दाबून राहिला, आणि उचलला तेव्हा भाकरी कडेपासून मधोमध चिरत गेली.

तात्या पाहत होते.

“काय झालं?”

“मी... ऐकत होतो.”

“तुला ऐकायला कोणी सांगितलं?”

तात्यांनी ती चिरलेली भाकरी तशीच भाजली आणि त्याला वाढली. रचनेचं काय करायचं, यावर ते शेवटपर्यंत काही बोलले नाहीत.

सोमवारच्या माणसाला श्रीरंगने परत पाठवलं. रचना होती तशी बाहेर काढली, एकही झांज न हलवता. फारसं कोणी नाचलं नाही.

तात्या गेले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांची पुतणी वैजू कुडाळला भेटली, आणि बोलता बोलता तात्यांच्या कानांबद्दल काही सांगून गेली. श्रीरंगला ते खरं वाटेना. स्वतःच्या आठवणीवर त्याचा विश्वास नव्हताच, दुसऱ्याच्या आठवणीवर कसा असणार? तो बेळगावला गेला आणि तात्यांना तपासणाऱ्या कानाच्या डॉक्टरांना भेटला. तेही तेच म्हणाले. भाकऱ्यांच्या त्या दुपारच्या कितीतरी आधीपासून तात्यांना वरच्या पट्टीतलं काहीच ऐकू येत नव्हतं. माणसांचं बोलणं कळे, ठोका कळे. झांजा मुळीच नाहीत.

परतताना तो पुन्हा वैजूकडे उतरला.

“तात्यांना हे ठाऊक होतं?”

“होतं तर! मला दटावूनच ठेवलं होतं त्यांनी.”

“काय म्हणून?”

“म्हणाले, ‘श्रीरंगकडे बोलू नकोस हां. झांजा काढून टाकील तो.’”