मिरीचा फुटाणा

खाडीकाठी एक शहर. शहरात एक चिचुंद्री. तिला पाच पिल्लं. सगळ्यांत धाकटी मिरी.

पिल्लं आजारी पडली. आईनं जिवतीआईला नवस केला, "लेकरं बरी कर गं. शुक्रवारी तुला फुटाणा वाहीन. मगच घास खाईन."

पिल्लं बरी झाली. शुक्रवार आला. देऊळ खाडीपलीकडे. आई पुढे, बाबा मागे, मधे पिल्लं. एकमेकांची शेपटी धरून निघाली, तुरु तुरु तुरु. लाँचमध्ये चढली.

आई म्हणाली, "मिरे, फुटाणा तोंडात धर. बोलू नकोस हं."

लाँच सुटली, डुगु डुगु डुगु. मिरीनं खाली पाहिलं.

"अगंबाई! केवढं पाणी!"

फुटाणा पडला. टुणुक टुणुक टुणुक... गेला फळीच्या फटीत.

"फळीताई, फळीताई, हल की जरा."

"मी नाही हलत जा! लाटेनं ढकललं तर हलेन."

मिरी गेली लाटेकडे. तुरु तुरु तुरु.

"लाटेताई, लाटेताई, ऊठ की जरा. फळी हलेना, फुटाणा मिळेना, आईचा उपास सुटेना."

"मी नाही उठत जा! वाऱ्यानं फुंकर घातली तर उठेन."

वारा निजला होता ताडपत्रीवर. मिरी गेली तिथे. तुरु तुरु तुरु.

"वारेदादा, वारेदादा, जागा हो की जरा. लाट उठेना, फळी हलेना, फुटाणा मिळेना, आईचा उपास सुटेना."

"मी नाही जागा होत जा! भोंगा वाजला तर होईन."

मिरी गेली भोंग्याकडे. तुरु तुरु तुरु.

"भोंगेबुवा, भोंगेबुवा, वाजा की जरा. वारा जागेना, लाट उठेना, फळी हलेना, फुटाणा मिळेना, आईचा उपास सुटेना."

"एवढंसं तोंड आणि केवढी बडबड! मी नाही वाजत जा! तांडेलमामानं दोरी ओढली तर वाजेन."

तांडेलमामा लाँच चालवत होता. मिरी गेली त्याच्याकडे. तुरु तुरु तुरु.

"तांडेलमामा, तांडेलमामा, दोरी ओढा की जरा. भोंगा वाजेना, वारा जागेना, लाट उठेना, फळी हलेना, फुटाणा मिळेना, आईचा उपास सुटेना."

"मी नाही ओढत जा! आज जिवतीचा शुक्रवार. आया लेकरांना ओवाळतात. माझी आई गावाला, मी पाण्यावर. मला कोण ओवाळणार?"

मिरी आली आईकडे. तुरु तुरु तुरु.

"आई, आई, मामा दोरी ओढेना, भोंगा वाजेना, वारा जागेना, लाट उठेना, फळी हलेना, फुटाणा मिळेना, तुझा उपास सुटेना."

आई काही 'नाही' म्हणाली नाही.

"लेकरू लांब असलं, की आई चारी दिशांना अक्षता टाकते गं. त्याच्याही आईनं टाकल्या असतील. त्याला दिसल्या नाहीत, इतकंच."

आई मामाच्या खांद्यावर चढली. पूजेला आणलेल्या तांदळाचा एक दाणा त्याच्या डोक्यावर ठेवला.

"ही घ्या मामा, तुमच्या आईची अक्षता. आत्ता पोचली."

मामा हसला. त्यानं डोळे पुसले. दोरी ओढली.

भोंगा वाजला, भोंऽऽ! वारा जागा झाला, फूऽऽ! लाट उठली, धप्प! फळी हलली, कुर्रर्र! फुटाणा वर आला, टुणुक!

मिरीनं तो गपकन धरला.

पलीकडचा धक्का आला. देऊळ आलं. देवीला फुटाणा वाहिला. मग प्रसादाचे सात तुकडे केले. पहिला आईला. आईचा उपास सुटला. मिरीनं आपला तुकडा खाल्ला. कुटुम कुटुम कुटुम.

जिवतीआई लेकरांना सुखात ठेवो. घरातल्या, पाण्यावरच्या, आणि मांडीवर बसून गोष्ट ऐकणाऱ्या.