राखणदाराच्या सोन्याच्या वहाणा

एका राज्यात धुंडिराज नावाचा राजा होता. अंगानं धिप्पाड, अकलेनं बेताचा. राजेच ते, चालायचंच! त्या राज्याच्या शिवेवर एक राखणदार राहायचा. देव नव्हे, भूतही नव्हे. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि काम एकच: वाट चुकलेल्याला घरी आणून सोडायचं. चालून चालून त्याच्या वहाणा झिजत, म्हणून रयत दरसाल त्याला कातड्याचा नवा जोड वाहायची.

धुंडिराजाच्या नाकाला त्या कातड्याचा वास सोसेना. "आमचा राखणदार आणि चामडं घालतो? छे!" त्यानं सोन्याच्या वहाणा घडवल्या, हिरे जडवले, वाजतगाजत नेऊन वाहिल्या. राखणदार पडला भिडस्त. वाहिलेलं परत कसं करायचं? त्यानं त्या घातल्या, जेमतेम पाऊल उचललं नि मटकन खाली बसला. राजाला वाटलं, खूश होऊन बसला!

त्याच दुपारी राजकन्या केवडा रानात गेली, ती परतलीच नाही.

राजानं रान पालथं घातलं. शेवटी शिवेवर आला, तर राखणदार तसाच बसलेला, पाय सुजून भोपळे झालेले. खांद्यावर भारद्वाज पक्षी.

"महाराज, लेक हवी?" भारद्वाज म्हणाला.

"हवी."

"मग याला उठवा. आपल्या मरणानं मेलेल्या जनावराचं कातडं आणा. स्वतःच्या हातानं वहाणा शिवा. मग याच्या पायाशी वाकून सोनं उतरवा. तुम्ही वाहिलंत, दुसऱ्याच्यानं निघायचं नाही."

"एवढंच?"

"वाकणं एवढंसंच वाटतं होय? बरं बरं."

राजवाड्यात एक म्हातारा बैल होता. राजा त्याच्यापाशी जाऊन बसला. पण बैल कसला मरतोय! खुद्द राजा उशाशी म्हटल्यावर त्यानं उलट बाळसं धरलं. वर्षं गेली. रानात वाट चुकलेलं कुणीच आता घरी परतेना. राजाचा हात कितीदा तलवारीकडे गेला, कितीदा मागे आला. तिकडे राणी लेकीच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. बैलाआधी तीच गेली.

मग बैलही गेला. राजानं आरी धरली, बोटं भोसकून घेतली, वाकडातिकडा जोड शिवला. शिवेवर जाऊन वाकला. सोनं निघालं, पायाची कातडी सोलून निघालं.

"राखणदारा, माझं चुकलं."

"माझंही," राखणदार म्हणाला. "भिडेपोटी गप्प बसलो. बोलायला हवं होतं."

नवा जोड घालून तो रानात शिरला आणि केवडाला हाताशी धरून घेऊन आला. होती तेवढीच होती. तिच्या लेखी अजून तीच दुपार होती. ओच्यात करवंदं.

"अगबाई बाबा, डोक्याला पीठ लागलंय तुमच्या! आणि ही करवंदं आईची हं, तुम्ही मागायची नाहीत."

राजानं ओच्यातून सांडलेलं एक करवंद उचलून परत आत ठेवलं. मागून हरवलेली माणसं एकेक करून येत होती, घरोघरी दारं उघडत होती. राज्य मार्गी लागलं. केवडा "आई, आई" करत वाड्याकडे धावत सुटली आणि राजाला तिला हाक मारून थांबवणं काही जमेना.

त्यांचं झालं ते झालं. ऐकणारे तेवढे वेळेवर घरी पोचोत.