काठी आणि कडी

"मग आता काय त्याचे हात तोडू?"

सरपंच सर्जेराव तकियाच्या, म्हणजे फकिराच्या खोपटाच्या, उंबऱ्यात उभा राहून विचारत होता. या माणसाचा आवाज आधी आत येतो, माणूस मागून.

लालशा फकीर धुनीपाशी बसला होता. त्याने वर पाहिलं नाही.

"कुणाचे?"

"म्हादूचे. माझ्या सख्ख्या भावाचे. गावात विडीचा भाव मी दुप्पट करायला लावला. पारावर ओढली की दंड. शाळेजवळची टपरी उचलून फेकली. निम्म्या गावाची सुटली, बाबा. बायाबापड्या पाया पडतात माझ्या. आणि हा... बायकोचा हंडा विकून शेजारच्या गावातनं बंडल आणतो. खोकला की रक्त पडतं."

"निम्म्यांची सुटली ना?"

"सुटली."

"मग तुझ्या धाकाची काठी बरोबर आहे. पुढं?"

"पुढं काय! परवा दारात आला. कालपासनं ओढली नाही म्हणे, अंग थरथरतंय, आज माझ्यापाशी बस. मी काय त्याच्या तोंडाकडं बघत बसू? म्हटलं, मरायचं तर बाहेर मर. कडी लावून घेतली. सकाळी पठ्ठ्या पारावर ओढताना सापडला. चारचौघांत दंड केला."

हे त्याने ताठ मानेने सांगितलं. त्याची चीड अजून गेली नव्हती.



फकीर उठला. सर्जेरावाला दंडाला धरून आत ओढलं, दार लोटलं, कडी घातली. बाजूला पडलेला कडुनिंबाचा ओला पाला कवळाभर उचलून धुनीत टाकला. बघता बघता खोपट धुराने भरलं. फकिराने काठी घेतली.

"नीघ बाहेर."

काठी पाठीत बसली.

"बाबा, अहो..."

"नीघ म्हणतो ना."

सर्जेराव ठसकत दाराकडे धावला. तिथे फकीरच दाराला पाठ लावून उभा. कडी चाचपली, तर तिच्यावर फकिराचा हात. पुन्हा काठी. सरपंचकी, दंड, पाया पडणारी माणसं, सगळं त्या धुरात गेलं. उरला एक ठसकणारा जीव.

"दार..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

फकिराने कडी काढली.

सर्जेराव बाहेर मातीत बसला. नाकाडोळ्यांतून पाणी. श्वास जरा सावरला तसा संताप वर आला.

"डोकं फिरलंय का तुमचं? नीघ म्हणून मारता, आणि कडी धरून उभे राहता. मी निघू कुठून?"

फकीर उंबऱ्यात आला. डोळे त्याचेही लाल होते, आणि ते नुसत्या धुराने नव्हते...

"परवा म्हादू तुझ्या दारात हेच विचारायला आला होता."