बंदूककाराचा नकार

एकदा एक तरुण सराफ स्वतःच्याच नकारावर फार प्रसन्न झाला. कुणाला नाही म्हटले की माणूस थोडा संकोचतो, याने मात्र छाती पुढे काढून बाजारातून फेऱ्या मारल्या. अशी प्रसन्नता वाईट नसते. पण ती फार दिवस टिकली तर एखाद्या वडीलधाऱ्यापुढे जाऊन ती तपासून घ्यावी, असे माझे मत आहे. या तरुणावर तशी वेळ आली नाही, कारण त्याच्या गुरूंनीच एके दुपारी त्याला सोबत घेऊन लोहारआळीची वाट धरली.

तरुणाचे नाव माणिक. घाटमाथ्यावरच्या एका तटबंदीच्या नगरात जी सर्वांत जुनी पेढी होती, तिच्यावर तो काम शिकत होता. पेढीचे मालक ऐंशीच्या घरातले, मितभाषी गृहस्थ. सारे नगर त्यांना ‘थोरले’ म्हणत असे. त्यांना मूलबाळ नव्हते, घरी एक विधवा बहीण तेवढी होती. आपल्यामागे पेढी माणिकच्या हाती द्यावी असे त्यांच्या मनात होते, आणि ते माणिकलाही ठाऊक होते. अलीकडे रोजचा कारभार त्यांनी त्याच्यावर सोपवला होता आणि स्वतः ते कोपऱ्यातल्या लोडाला टेकून नुसते पाहत असत.

पेढीचे मुख्य काम हुंडीचे. खाली समुद्रकाठी बंदर होते आणि नगरातला बहुतेक माल तिथून येई. मधल्या घाटात लुटारूंचा उपद्रव असल्याने रोकड घेऊन उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून व्यापारी पेढीवर रक्कम भरत, हुंडी लिहून घेत आणि बंदरावर ती दाखवून माल उचलत. पेढीने हुंडी लिहिली नाही, तर माणूस कितीही सधन असो, त्याला बंदराचा रस्ता बंद झाला असे समजावे.

त्या वर्षी शेजारच्या गावात बांधावरून दोन भावांचे भांडण झाले आणि मोठ्या भावाने धाकट्यावर बंदूक झाडली. धाकटा जागीच गेला. बातमी ऐकून माणिकला दोन दिवस अन्न गोड लागले नाही. तिसऱ्या दिवशी हैबती नावाचा लोहार पेढीवर आला. नगरात बंदुका घडवणारा तो एकटाच होता. बंदरावरून लोखंड आणायचे होते, त्यासाठी हुंडी हवी होती. माणिकने हात जोडले आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, “बंदुका बनवणाऱ्याची हुंडी यापुढे या पेढीवर लिहिली जाणार नाही.”

 हैबतीने डोईचे मुंडासे नीट केले आणि तो निघून गेला.

मोठ्या पेढीने नाही म्हटल्यावर धाकट्या पेढ्या कशाला मागे राहतात? एकाने केले म्हणून दुसऱ्याने केले, दुसऱ्याने केले म्हणून तिसऱ्याला लाज वाटली. देवळातल्या कीर्तनकाराने निरूपणात माणिकचा उल्लेख केला. बायका त्याच्या आईला हळदीकुंकवाला बोलावून पुढे बसवू लागल्या. राजाने बंदुकांवर बंदी घातली नव्हती, पंचांनी ठराव केला नव्हता, तरी लोहारआळीतली हैबतीची भट्टी थंडावत चालली. हैबतीच्या हाताखालचे दोघे कारागीर दुसऱ्याकडे विळे-कोयते ठोकायला गेले.

थोरले यावर एकदाच बोलले. “माणिक, नकार कुणाला दिलास?”

“बंदुकीला,” माणिक अभिमानाने म्हणाला.

“बंदूक आली होती का पेढीवर?”

माणिक हसला. म्हाताऱ्यांना असे काहीतरी बोलायची सवय असते, असे त्याला वाटले. त्याने विषय वाढवला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, थोरले उठले, पागोटे चढवले, कमरेला पैशांची पिशवी बांधली आणि म्हणाले, “चल. मला बंदूक विकत घ्यायची आहे.”

माणिकला वाटले, ऐकण्यात चूक झाली. या माणसाने जन्मात भाजी चिरायची सुरीसुद्धा हाती धरली नव्हती. पण थोरले चालू लागले होते, तेव्हा तोही मागून निघाला.

हैबतीच्या भट्टीत विस्तव मंद होता. भिंतीला एकच बंदूक टेकवलेली होती. थोरल्यांना पाहून हैबती लगबगीने उठला, घोंगडी अंथरली, पाण्याचा तांब्या पुढे केला. माणिककडे पाहून त्याच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही.

“ती बंदूक मला दे,” थोरले म्हणाले. “किंमत तू सांगशील ती. वाटल्यास दुप्पट घे.”

“तुमास्नी?” हैबती चकित झाला. “कशाला हवी, थोरले?”

“शेजाऱ्याने भिंत घालताना माझ्या अंगणाची वीतभर जागा खाल्ली. सांगून ऐकत नाही. त्याला एकदा दाखवायचीच आहे.” हे बोलताना थोरल्यांनी आवाज असा चढवला की माणिक दचकला. आपल्या गुरूंना राग येतो हेच त्याला नवीन होते.

हैबतीने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिले. “घरातली बाई कुठं हाय?” त्याने विचारले.

“बाईचे इथे काय काम?”

“आमच्या भट्टीची रीत हाय ती. बंदूक गड्याच्या हातात मी देत न्हाई. त्याची आई असंल, बायको असंल, बहीण असंल, तिला हितं आणायची. तिनं ऐरणीवर हात ठेवून सांगायचं, का बंदूक आमच्या घरी चालंल. मग ती तिच्या हातात देतो. गडी चार जणांत शहाणा दिसतोय, पर त्यो पितो का, मारतो का, मनात काय धरून बसलाय, ते घरच्या बाईला ठावं असतंय. वाघरू गोठ्यात शिरतंय म्हणून वाडीवरच्या बाया आपणहून येत्यात. ज्याची बाई येत न्हाई, त्यो रिकाम्या हातानं जातोय.”

“माझी बहीण म्हातारी आहे. एवढे चालवणार नाही तिला.”

“मग मी येतो तिच्याकडं. पर तुमी आत्ता जे बोललासा, ते तिच्याम्होरं सांगंन. आन् ती हो म्हनली तरी आज न्हाई देणार. तुमच्या डोक्यात राग हाय. पाणी प्या, घरी जा आन् भिंतीचं पंचांम्होरं न्या.”

थोरल्यांनी कमरेची पिशवी सोडून ऐरणीवर ठेवली. ती चांगली जड होती. हैबतीने ती दोन्ही हातांनी उचलली आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवली.

आता माणिकला राहवले नाही. “अरे, तुझी भट्टी विझत आलीय. कारागीर गेले. एवढ्या पैशांत तुझे वर्ष निघेल. आणि समोर कोण बसलंय ते तरी बघ.”

“बगतोय की,” हैबती शांतपणे म्हणाला. “बगूनच न्हाई म्हनतोय.”

त्याने भिंतीची बंदूक उचलली आणि नळी माणिकपुढे धरली. नळीच्या बुडाशी, दाण्याएवढा, एका पानाचा ठसा होता. “ह्यो माझ्या बाचा ठसा. आता माझा. लोखंडाची पट्टी सळईभवती गुंडाळून, तापवून ठोकतो, तवा नळी हुती. तिच्यात दुप्पट दारू भरून पयला बार मी माझ्या खांद्यावर घेतो. फुटली तर माझं तोंड जाईल, घेणाऱ्याचं न्हाई. ठसा त्याच्यानंतर. ह्यो ठसा जितं जातो, तितं मी गेलो असं समजतो.”

“मग त्या दोन भावांचे काय?” माणिकने विचारले. आपली बाजू बळकट आहे अशी त्याची अजूनही समजूत होती. “त्या बंदुकीवर कुणाचा ठसा होता?”

हैबतीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “ऐकलं त्याच दिशी चालत गेलो.  माझा ठसा निघाला असता, तर भट्टी मीच बुजवणार हुतो. पाटलानं बंदूक दाखवली. तिच्यावर ठसाच न्हवता. जत्रंत घोड्याच्या व्यापाऱ्यानं इकली हुती. कुणी इचारलं न्हाई, कुणी बाई आणली न्हाई. पैसे टाकले, घेऊन गेला.”

माणिकच्या कानशिलापर्यंत रक्त चढले. घोड्याचा व्यापारी पेढीचे मोठे गिऱ्हाईक. जत्रेच्या आधी त्याची हुंडी माणिकनेच लिहिली होती, हसतमुखाने आणि वर विडा देऊन. घोडे विकणाऱ्याला आणखी काय विचारायचे, असे त्याला वाटले होते.

थोरल्यांनी तांब्यातले पाणी घेतले, पिशवी कमरेला बांधली आणि हैबतीला नमस्कार केला. त्यात राग कुठेच नव्हता. हैबती गोंधळला. बाहेर पडताना थोरले एवढेच म्हणाले, “माझा शेजारी भला माणूस आहे. भिंतही त्याच्याच जागेत आहे.”

 परतीच्या वाटेवर चिंचेखाली थोरले दम घ्यायला थांबले, तेव्हा माणिकने विचारले, “थोरले, नकार देण्याचा मला अधिकार नव्हता का?”

“होता आणि आहे,” थोरले म्हणाले. “ज्याला हुंडी लिहिता येते, त्याला ती नाकारताही आली पाहिजे. नाहीतर तो सराफ कसला, हमाल झाला. पण आज तू दोन नकार पाहिलेस, ते ताडून बघ. त्याने मला नाकारले ते माझ्या तोंडाकडे पाहून, कारण सांगून. तू त्याला नाकारलेस ते त्याच्या भट्टीची पायरीही न चढता. त्याच्या नकारात त्याची भाकरी गेली. तुझ्या नकारात तुझे काय गेले? उलट आई हळदीकुंकवाला पुढे बसली. आणि राजाने बंदी घातली असती, तर हैबतीने दरबारात दाद मागितली असती. तू घातलेल्या बंदीची दाद त्याने कुठे मागायची? बंदराची वाट ज्याच्या हाती आहे, त्याने कुणाला अडवण्याआधी स्वतः उठून जावे आणि पाहावे. धंद्याचे नाव ऐकून अडवशील, तर हैबती अडेल आणि घोडेवाला सुटेल. तसेच झाले आहे.”

 माणिकचे डोळे भरून आले, आणि ते त्याने लपवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच हैबतीकडे गेला. हैबती पेढीवर येण्याची वाट त्याने पाहिली नाही, हुंडी लिहूनच नेली होती. ती पुढे ठेवून म्हणाला, “मी न पाहता बोललो. चूक माझी.” हैबतीने हुंडी घेतली, कपाळाला लावली आणि विचारले, “ठसा मारल्यावरबी एकदा बार काढून बगतो. आज ह्या नळीचा त्यो दुसरा बार हाय. बगणार का?” त्याने बंदूक खांद्याला लावली. नळी फुटली तर काय होईल हे माणिक आदल्या दिवशीच ऐकून चुकला होता, तरी तो हैबतीच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभा राहिला. बार झाला. डोंगरावरून त्याचा आवाज परत आला तेव्हा हैबतीने हसून त्याच्या पाठीवर थाप दिली. सराफाच्या पांढऱ्या अंगरख्यावर काळा पंजा उमटला, आणि माणिक तसाच बाजारातून पेढीवर आला.

पुढच्या जत्रेला तो स्वतः गेला. घोड्यांच्या तळामागे, गवताच्या पेंढ्यांखालून बंदुका कशा निघतात आणि कुणाच्याही हातात कशा पडतात, ते त्याने उभे राहून पाहिले. काही दिवसांनी घोड्याचा व्यापारी नेहमीप्रमाणे हुंडीसाठी आला.

“शेठ, जत्रेत तुम्ही बंदुका कुणाला विकल्या?” माणिकने विचारले.

“ज्याने पैसे दिले त्याला.”

“मग ही हुंडी मी लिहिणार नाही. मी तुमच्या तळावर येऊन पाहिले आहे. माझे चुकत असेल तर पंचांपुढे या, मी उत्तर द्यायला येईन.”

व्यापारी संतापला. सारी उलाढाल दुसऱ्या पेढीवर नेईन असे म्हणाला, आणि त्याने खरोखरच ती नेली. त्या वर्षी पेढीला मोठा फटका बसला. कीर्तनकाराने माणिकचे नाव घेतले नाही. हळदीकुंकवाला त्याची आई पुन्हा मागच्या रांगेत बसू लागली.

पण हे सारे पुढचे; व्यापारी पेढीवरून उठून जाताच माणिकने भीत भीत कोपऱ्याकडे पाहिले. थोरले लोड सोडून ताठ बसले होते. त्यांनी कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि भरल्या बाजारादेखत त्याच्या हातात दिल्या.

“आज तुझ्या नकारावर तुझा ठसा आहे,” ते म्हणाले, आणि म्हाताऱ्याची मान त्या दिवशी तटाच्या बुरुजापेक्षा ताठ होती.