तरसाईचे मुंडण

एकदा एका तरसावर चोरीचा आळ आला. तुम्ही म्हणाल, तरसावर आळ येण्यात नवल ते काय? त्या बिचाऱ्या प्राण्याबद्दल आजवर चांगले बोलले आहे कोण? पण हे तरस रानातले नव्हते. ते संगणकाच्या पडद्यावर रंगवलेले होते, आणि ज्या बाईने ते रंगवले तिने तीन आठवडे त्याच्या अंगावरची लव हाताने घडवली होती.

त्या बाईचे नाव शाल्मली. वय एकोणतीस. काल्पनिक कथांतले यक्ष, राक्षस, अर्धे माणूस अर्धे पशू असे जीव ती रंगवी. एका प्रकाशकाने तिला कादंबरीचे मुखपृष्ठ दिले होते. कथा अशी, की एका नगरातल्या लोकांनी एका तरस-स्त्रीला दगड मारून वेशीबाहेर हाकलले; पुढे नगरातले पाणी आटले, तेव्हा तीच रोज पहाटे खांद्यावर पखाल टाकून सात कोसांवरून पाणी आणू लागली. तिचे नाव तरसाई. मुखपृष्ठावर ती डोंगर चढताना दाखवायची होती.

केसांचे काम भल्याभल्यांना घाम फोडते. नवशिका एकेक केस ओढत बसतो आणि शेवटी जनावराच्या अंगावर खराटा उगवल्यासारखा दिसतो. शाल्मली तसे करीत नसे. ती आधी उजेड-अंधाराचे मोठे पुंजके मांडी, मग झुपके पाडी, आणि सर्वांत शेवटी, जिथे प्रकाश पडतो तिथे, चार-दोन सुटे केस काढी. हे तिला शिकवले होते नरहरीअण्णांनी.

अण्णांनी जन्मभर नाटकांसाठी टोप आणि दाढ्यामिश्या केल्या होत्या. जाळीवर एकेक केस गाठवून. नाटकवाले तयार टोप आणू लागले तेव्हा साठी उलटलेल्या या गृहस्थांनी रडगाणे गायले नाही. टॅबलेट विकत घेतला आणि पडद्यावर केस रंगवायला शिकले. त्यांच्या चित्रशाळेचा एक विचित्र नियम होता. संगणकावर चित्र अनेक थरांत रंगवतात; एक थर चुकला तर तेवढाच पुसता येतो. अण्णा म्हणत, "संध्याकाळी उठताना सगळे थर एक करायचे. टोपात गाठ मारली की मारली. उद्या मागे जायची सोय ठेवलीत, तर आज हात जपून चालत नाही." तिथेच रोज काम करणाऱ्या शाल्मलीने सहा वर्षे हा नियम पाळला होता.

चित्र पाठवल्यावर पाचव्या दिवशी प्रकाशकाकडच्या कलाप्रमुखाने, पाटसकर नावाच्या गृहस्थाने, चित्रकारांच्या ग्रुपवर मजकूर टाकला. दोनशे माणसांसमोर. 'सदर चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून करून घेतल्याचा दाट संशय आहे. इतकी लव माणूस रंगवत नाही. शिवाय बरगडीवर केस मध्येच उलटे फिरले आहेत. अशी चूक यंत्रच करते. चित्रकर्तीने मूळ थर सादर करावेत, अन्यथा यापुढे तिला काम मिळणार नाही.'

शाल्मलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी विचारायची रीत नाही? एक फोन नाही? चांगले केले म्हणून चोर! वाईट केले असते तर याच माणसाने 'मेहनत कमी पडली' म्हणून परत पाठवले असते. ग्रुपवरच्या दोनशे जणांपैकी एकानेही तोंड उघडले नाही. वर्षानुवर्षे तिच्याकडे फुकट सल्ले मागणाऱ्या एका मित्राने हात जोडल्याचे चित्र तेवढे पाठवले. आणि थर? थर होतेच कुठे! रोज संध्याकाळी ते एक झाले होते, गुरूच्या आज्ञेने.

ती तडक अण्णांकडे गेली. चप्पलसुद्धा दाराबाहेर नीट काढली नाही.

"अण्णा, तुमच्या नियमानं माझा गळा कापला. त्यांना थर हवेत. कुठून आणू?"

अण्णांनी मजकूर वाचला, चष्मा काढला. "मूर्ख माणूस आहे," ते म्हणाले.

"ते मला माहीत आहे! तुम्ही एक पत्र लिहून द्या. मी रोज तुमच्या डोळ्यांसमोर काम करत होते एवढंच लिहा. तुमचा शब्द कुणी खाली पडू देणार नाही."

"मी काही लिहून देणार नाही."

शाल्मलीला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "म्हणजे?"

"त्यांना इथं बोलाव. चित्र घेऊन बस."

घर फिरले की वासे फिरतात म्हणतात, ते तिला त्या क्षणी पटले. ज्या माणसासाठी सहा वर्षे आपण मागे जायची वाट रोज स्वतःच्या हाताने बंद केली, तो माणूस दोन ओळी लिहायला तयार नाही! तिने फोन लावला तो रागानेच.

दुसऱ्या दिवशी पाटसकर आले. माणूस उद्धट नव्हता, हे सांगितले पाहिजे. आपण फार सभ्य आहोत अशा समजुतीत वावरणाऱ्यांपैकी होता. चहा घेताना म्हणाला, "मॅडम, मनावर घेऊ नका. या वर्षात तिघांनी आम्हाला फसवलं. ताक फुंकून प्यावं लागतं."

"फुंका की," शाल्मली म्हणाली, "पण दुसऱ्याच्या तोंडावर कशाला?"

अण्णा मध्ये पडले नाहीत. त्यांनी पडद्यावर तरसाई उघडायला लावली. पाठीवरची उभी आयाळ, खांद्यावर पखालीचा पट्टा, पोटऱ्यांवर धुळीने चिकटलेली लव. बघतच राहावे असे काम होते. अण्णा क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, "शाल्मली, हिचं मुंडण कर."

"काय?"

"सगळ्या अंगाचं. एक केस ठेवू नकोस. वर नवा थर घे आणि कातडी रंगव."

पाटसकरांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आले. बायकांचे केस उतरवून त्यांना कोपऱ्यात बसवायची रीत आपल्याकडे होती, आणि ती बाईच्या कुठल्याही गुन्ह्यासाठी नव्हती, हे तुम्हाआम्हाला पक्के ठाऊक आहे. शाल्मलीलाही ते ठाऊक होते. तिचा आवाज चढला.

"आळ घेतला यांनी, खोटा. आणि मुंडण माझ्या बाईचं? तिनं काय केलंय अण्णा? मी काय केलंय?"

"लेखणी घे," अण्णा म्हणाले.

तिने लेखणी घेतली. गुरूचा मान म्हणून नव्हे. असल्या माणसांसमोर रडायचे नसेल तर हाताला काहीतरी काम हवे म्हणून. दात आवळून तिने कानापासून सुरुवात केली.

राग होता म्हणून असेल, हात भराभर चालला. केस उतरले तसा डाव्या कानाचा फाटलेला काठ दिसू लागला. आयाळ गेली आणि मानेवरचे जाड स्नायू उघडे पडले, ओझे वाहणाऱ्या माणसाचे असतात तसे. पट्ट्याखाली खांद्यावर घट्टा आला. पाटसकर खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "हा घट्टा इतक्या मागं का?"

"कारण चढावर पट्टा मागं सरकतो. मी पाण्यानं भरलेली पिशवी खांद्याला अडकवून आमच्या जिन्यावर चढून बघितलं. चार मजले, अकरा वेळा. यंत्राचा खांदा दुखतो का हो?"

लेखणी बरगडीवर आली. जिथे लव उलटी फिरली होती तिथे शाल्मलीने एक जुना, वेडावाकडा भरलेला व्रण काढला.

"हा दगड," ती म्हणाली. "तुमच्याच कादंबरीतला. पान चाळीस. जखम वाकडी भरली की भोवतीचे केस सरळ उगवत नाहीत, तिथं भोवरा पडतो. तुम्ही ज्याला यंत्राची चूक म्हणालात ना, दोनशे लोकांसमोर, ती हिला तुमच्या नगरानं केलेली जखम आहे. कादंबरी छापता, वाचत नाही का?"

पाटसकरांचा चेहरा उतरला. ते उठून उभे राहिले. "चूक झाली, मॅडम. माझीच झाली. आत्ताच्या आत्ता ग्रुपवर लिहितो." त्यांनी खिशातून फोन काढला.

शाल्मलीने श्वास सोडला. जिंकली होती ती. लेखणी खाली ठेवणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "मागचा पाय राहिला."

"राहू द्या हो अण्णासाहेब," पाटसकर फोनवरून मान न उचलता म्हणाले, "मला पटलं."

"मागचा पाय राहिला," अण्णा पुन्हा म्हणाले, तिच्याकडे बघून.

तिने मांडीवरची लव उतरवली. आणि हात थांबला.

गुडघा कुठे? कंबरेपर्यंत तिची ठेवण बाईची होती, तेव्हा गुडघा बाईसारखा पुढे यायला हवा. तिने तो काढला. बाहेरच्या रेषेत बसेना. मग तरसाच्या पायासारखा काढला, टाच मागे वर गेलेली असते तसा. तोही बसेना. दाट, सुंदर, वाऱ्यावर हलणाऱ्या त्या लवेखाली कुठलाच पाय नव्हता. तिला तो दिवस आठवला. दुपार टळली होती, मान धरली होती, आणि बाईचा पाय जनावराच्या पायात नेमका कुठे मिसळतो ते सुचत नव्हते. तिने विकत घेतलेला लवेचा तयार ब्रश उचलला आणि चार फटकाऱ्यांत तेवढा भाग झाकून टाकला. छान दिसला. संध्याकाळी थर एक केले, आणि आपण काय झाकले ते तीही विसरून गेली.

पाटसकर लिहीत होते. त्यांचे लक्षही नव्हते. गप्प बसली असती तर ब्रह्मदेवालाही कळले नसते. आणि गप्प का बसू नये? ज्यांनी दोनशे लोकांसमोर तिला चोर केले त्यांच्यापुढे आपली उणीव आपणच काढून दाखवायची? तिला अण्णांचा संताप आला. मग तो संताप अण्णांवर टिकेना. तो तिच्याकडेच वळला.

"सर," ती म्हणाली. "हा पाय मी रंगवलेला नाही. तयार ब्रशनं झाकलाय."

पाटसकरांनी वर पाहिले. "अहो, एवढंच ना? तयार ब्रश सगळेच वापरतात. त्यात गुन्हा नाही काही."

"ब्रशचं नाही म्हणत मी. खाली पायच नाहीये." "सात कोस पाणी वाहते ही बाई. आणि तिला चालायला मी पाय दिला नाही."

अण्णांनी खुर्ची तिच्याजवळ घेतली.

"मी पत्र दिलं असतं," ते म्हणाले, "तर यांनी माझ्या म्हातारपणावर विश्वास ठेवला असता, तुझ्या कामावर नव्हे. पुढच्या वेळी पुन्हा कुणाचं तरी पत्र शोधावं लागलं असतं. पोरी, नट टोप मागायला आला की मी आधी त्याचं डोकं दोन्ही हातांनी चाचपून बघायचो. केस काय, कुणीही दाखवतो. खालचं डोकं ज्यानं हाताळलंय त्याचा टोप बसतो. म्हणून केस उतरवायला सांगितले. जिथं खाली अंग होतं तिथं तुझा शब्द यांना मानावाच लागला. जिथं नव्हतं, ते यांना दिसलं नाही, तुला दिसलं." मग ओशाळल्यासारखे म्हणाले, "थरांचा माझा नियम मात्र उद्यापासून बंद. तुला जपून हात चालवायला शिकवताना मी तुझा पुरावाच रोज पुसत होतो. हाडामांसाच्या माणसाकडे 'तू माणूस आहेस हे सिद्ध कर' असं मागायचे दिवस येतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. लाज वाटावी असे दिवस आहेत, पण आलेत."

आपले चुकले असे तोंडाने म्हणणारा गुरू तिने पहिल्यांदाच पाहिला. तिने डोळे पुसले आणि पाटसकरांकडे वळली.

"माफी आजच लिहा. पूर्ण लिहा, जिथं आळ घेतलात तिथंच, त्याच दोनशे लोकांसमोर. पायामुळे त्यातला एक शब्द कमी करू नका; माझा पाय चुकला म्हणून तुमचा आळ खरा ठरत नाही."

"बरोबर आहे," पाटसकर हळूच म्हणाले.

"आणि चित्र आज मिळणार नाही. मला दोन दिवस द्या."

"पण मॅडम, लवेखाली आहे तो. वाचकाला कळणारसुद्धा नाही."

"तिला डोंगर चढायचाय," शाल्मली म्हणाली. तिने तयार ब्रश यादीतून काढून टाकला, मोठा साधा ब्रश घेतला आणि कोऱ्या थरावर मांडीच्या हाडापासून सुरुवात केली. पाटसकर माफी लिहून झाल्यावरही बराच वेळ मागे उभे होते.

आपल्यावर खोटा आळ आला तर जरूर भांडावे, माफी घेतल्याशिवाय सोडू नये; आणि माफी हातात आली की घरी जाऊन, कुणी बघत नसताना, आपण काय झाकले आहे ते एकदा उघडून पाहावे.