साळू हत्तीण आणि राजघडवंची

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की आपण कायमचं कुठे बसायचं हे तेव्हा डोंगरांचंही ठरलं नव्हतं. असाच एक डोंगर चालून चालून दमला आणि नदीपासून दीड कोसावर मटकन बसला. एका राजाला तो आवडला. त्याने माथ्यावर राजवाडा बांधला. वाड्याला खोल्या नव्वद, विहीर एकही नाही.

मग पाणी कुठून? नदीवरून. दहा हत्ती रोज सकाळी घाट उतरत आणि पाठीवर भरल्या घागरी घेऊन चढत. त्यांतली सगळ्यांत जुनी हत्तीण म्हणजे साळू. तिचा माहूत भिवा. भिवाला जगात दुसरं कुणी नव्हतं. साळूला अख्खं जंगल होतं, तरी तिने भिवाच निवडला होता.

आणि हो, त्या काळी जनावरं बोलत. पण कामापुरतंच बोलत. त्यामुळे माणसांच्या ते फारसं लक्षात आलं नाही.

राजाचा लाकूडकामाचा कारखाना होता. रंगोबा मिस्त्री तिथला प्रमुख. उंटाचं खोगीर करावं तर रंगोबाने. परमुलखातल्या व्यापाऱ्याने खोगिरं मागितली, तेव्हा हा गडी पंधरा दिवस तांड्याबरोबर वाळूतून चालला. उंटवाल्यांच्या ताटात जेवला. मुक्काम पडला की एकेका उंटाच्या पाठीवरून हात फिरवून कुठे घासलंय ते बघायचा. तीनदा केलेलं खोगीर त्याने तीनदा मोडलं. चौथं इतकं नामी झालं, की तो परत निघाला तेव्हा उंट रडले म्हणे. उंटांना कुणी विचारलं नाही, पण रंगोबा तसं सांगे.

ती कीर्ती राजाच्या कानांवर गेली. राजा म्हणाला, "परक्यांच्या उंटांना खोगिरं, आणि माझे हत्ती गवताच्या गादीवर दोरानं बांधलेल्या घागरी वाहतात? मिस्त्री, घागरी ठेवायला हत्तीच्या पाठीवर बसेल अशी घडवंची करा. राजाला शोभेल अशी."

रंगोबाने कारभाऱ्यांना बोलावून घेतलं. मुदपाकखान्याचा कारभारी म्हणाला, "पिण्याच्या पाण्याचे कप्पे वेगळे हवेत, वर झाकणं." बागेचा कारभारी म्हणाला, "मागे तोट्या हव्यात, येता येता झाडांना पाणी पडेल." मानकरी म्हणाले, "पुढे पितळी राजचिन्ह हवं, नदीवरून दिसेल एवढं." पाण्याचा हवालदार म्हणाला, "घागरी चोरीला जातात. दोर नको, साखळदंड हवेत. दोन्ही बाजूंनी खिळी."

सगळी बडी माणसं. रंगोबाने कुणालाच नाही म्हटलं नाही. शेवटी जी वस्तू झाली, तिच्यात पाण्यालाच काय ती जागा कमी पडली.

वाड्याच्या चौकात चौथऱ्यावर उभं राहून चार गड्यांनी ती साळूच्या पाठीवर चढवली. राजचिन्ह चमकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि बाकीच्या नऊ हत्तींवरही तशाच घडवंच्या चढल्या. साळू चौकात डौलाने फिरली. चौकातली जमीन सपाट होती.

घाटातल्या उभ्या वळणावर ती पहिल्यांदा थांबली.

"भिवा, डावा पाय टोचतोय."

"दाखव, काटा गेला असेल."

"माझा नाही. घडवंचीचा."

चढावर सगळं वजन मागे सरकत होतं आणि लाकडी खूर तिच्या कण्याशेजारी रुतत होता. भिवा त्याच दिवशी कारखान्यात गेला. रंगोबाने त्याला बसवलं, गूळपाणी दिलं. माणूस वाईट नव्हता हो.

"मिस्त्री, एकदा घाटात या. वळणावर काय होतं ते बघा."

"येईन की. आता शंभर खोगिरं द्यायची आहेत, ती होऊ देत."

"उंटांसाठी पंधरा दिवस चाललात. आमच्या साळूसाठी दीड कोस चला."

रंगोबा मनापासून हसला. "अरे भिवा, ते गिऱ्हाईक आहे. खोगीर टोचलं तर तो दुसऱ्या कारखान्यात जाईल. तू कुठे जाणार? तू तर घरचाच!"

भिवा परत आला. स्वतःची घोंगडी चौपदरी घडी करून त्याने त्या खुराखाली सरकवली. साळूने सुस्कारा सोडला. पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी हवालदाराला ती दिसली.

"राजचिन्हाखाली ही फाटकी घोंगडी? लाज नाही वाटत?"

"हवालदारसाहेब, तिची पाठ सोलवटलीय."

"एवढ्या कारागिरांनी डोकं लावून केलेली वस्तू, आणि तू तिला ठिगळ लावणार? काढ आधी!"

घोंगडी निघाली. दुसऱ्या दिवसापासून लपवलेल्या घोंगड्यांसाठी वाड्याच्या दारात माहुतांच्या झडत्या सुरू झाल्या.

इकडे दरबारात राजाने विचारलं, "काय मिस्त्री, घडवंची कशी चाललीय?"

रंगोबाने हात जोडले. "महाराज, दहाच्या दहा हत्ती रोज वापरतात. एकानंही नाकारली नाही."

राजाने त्याला शेला दिला. आता या हिशेबाने कैद्यांनाही तुरुंग आवडतोच म्हणायचा, रोज तिथेच तर राहतात! पण दरबारात असं बोलायला कुणीतरी आगाऊ माणूस लागतो, आणि तेव्हा मी जन्मलो नव्हतो.

साळूची जखम चिघळली. भिवा रोज हळद आणि कडुनिंबाचं तेल लावी. त्याने हवालदाराकडे आठ दिवसांची विश्रांती मागितली. "नऊच हत्ती चालले तर बागेचं काय?" असं उत्तर मिळालं.

"उद्या जायचंच नाही," भिवा साळूला म्हणाला. "बसून राहू दोघं."

"बसलो तर फटके तुला पडतील," साळू म्हणाली. "चल, ऊन चढायच्या आत."

वैशाख होता. त्याच वळणावर तिचे मागचे पाय थरथरले.

"भिवा, आता उतरव."

भिवा साखळदंडाशी झटू लागला. पण खिळी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ओढावी लागे, आणि तीही चौथऱ्याच्या उंचीवरून. इथे एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. आणि भिवा एकटा. रस्त्यातच घडवंची उतरवावी लागेल, असं ती करताना कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. भिवाने दगडाने खिळी ठोकली. दातांनी ओढली. मग तो वाड्याकडे धावत सुटला.

रंगोबाला आणि गड्यांना घेऊन तो परतला, तेव्हा साळू कुशीवर पडली होती. पाणी घाटातून खाली वाहत होतं. भिवाने तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"घागरी फुटल्या रे," ती म्हणाली. "तुला बोलतील."

एवढंच बोलली ती. गड्यांनी खिळी काढेपर्यंत तिचा श्वास थांबला होता.

घडवंची बाजूला झाली. रंगोबा मिस्त्री वाकला आणि त्या पाठीवरून त्याने हात फिरवला. हात तिथेच थबकला.

"हे... कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"अरे, मग मला..." रंगोबा म्हणू लागला. त्याला गूळपाणी आठवलं असावं.

त्याच संध्याकाळी त्याने शेला राजाला परत केला आणि उरलेल्या नऊ घडवंच्या उतरवल्या. दुसऱ्या दिवशी तो हत्तींबरोबर घाट चढला, तिसऱ्या दिवशीही चढला. माहुतांना विचारलं, हत्तींना विचारलं. मग कप्पे गेले, तोट्या गेल्या, राजचिन्ह गेलं. वेताची हलकी चौकट झाली, खाली कापसाची जाड गादी, आणि खाली उभ्या माणसाने एका हाताने ओढली की सुटणारी गाठ.

ती घेऊन तो भिवाकडे गेला. भिवा साळूच्या रिकाम्या ठाणात बसला होता. त्याने चौकट उलटसुलट पाहिली, गादी दाबून पाहिली, गाठ ओढली. गाठ सुटली.

"चांगली झालीय," भिवा म्हणाला. "किती दिवस लागले, मिस्त्री?"

रंगोबाची मान खाली गेली. "चार."

भिवाने मान हलवली. चौकट हळूच भिंतीला टेकवून ठेवली. मग तो उठला आणि घाट उतरून गेला. राजाने त्याला नवा हत्ती देऊ केला होता, पण तो घ्यायला भिवा कधीच परतला नाही.

बोध: ज्याला आपली वस्तू नाकारण्याची सोय नाही, त्याचं म्हणणं सगळ्यांच्या आधी ऐकावं.